जाणवले, पण खात्री किती?

हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी भूकंपाचा धक्का बसला. रिश्टर मापनावर त्याची नोंद ४.५ अशी झाली. दहा-अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा धक्का आला. शेजारच्या नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतही जमीन हलली. त्यानंतर तासाभरात पारावर, बसस्थानकावर, शाळेच्या आवारात एकच प्रश्न विचारला जात होता: "तुम्हाला जाणवला का?"

अशा प्रश्नाला मिळणारी उत्तरे नेहमीच निरनिराळी असतात. कोणी ठामपणे "हो" म्हणतो. कोणी म्हणतो, मला वाटले चक्कर आली. कोणाला मांडणीवरची भांडी वाजली म्हणून कळलेले असते. आणि एक मोठा वर्ग असा असतो की, ज्याला त्या क्षणी काहीच कळलेले नसते, परंतु चार जणांचे ऐकल्यावर तो म्हणू लागतो, "आता आठवते, खाट हलली होती खरी."

या उत्तरांत दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. एक, माणसाला काय जाणवले. आणि दुसरी, जे जाणवले त्याविषयी त्याची त्याला खात्री किती. प्रस्तुत लेखाचा विषय ही दुसरी गोष्ट होय. विषय वरकरणी मानसशास्त्राच्या वर्गातला वाटेल. तथापि तलाठ्याचा पंचनामा, गुरुजींचा शेरा, ग्रामसेवकाचा अहवाल आणि पोलीस पाटलाने कळविलेली वर्दी या सर्वांच्या मुळाशी कोणाची तरी खात्रीच असते आणि तिच्यावर विसंबून पुढचा कारभार चालतो.

वजनांचा प्रयोग

पाहणे आणि खात्री असणे या दोन वेगळ्या शक्ती आहेत, हे प्रथम काटेकोरपणे दाखविले गेले १८८४ मध्ये. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चार्ल्स पर्स हे तत्त्वज्ञ आणि त्यांचे विद्यार्थी जोसेफ जॅस्ट्रो यांनी एकमेकांवरच एक साधा प्रयोग केला. बोटावर येणारा दाब अगदी किंचित कमी-अधिक करावयाचा आणि कोणता जड, कोणता हलका ते सांगावयाचे. फरक इतका सूक्ष्म ठेवलेला की, पुष्कळदा काहीच कळू नये. प्रत्येक उत्तरासोबत आपली खात्रीही आकड्यात सांगावयाची होती: शून्य म्हणजे निव्वळ अंदाज, तीन म्हणजे पूर्ण खात्री. कोणत्या वेळी कोणते वजन द्यावयाचे हे त्यांनी पत्त्यांचा जोड पिसून ठरविले होते, म्हणजे अंदाज बांधण्यास जागाच राहू नये.

निष्कर्ष दोन निघाले. खात्री वाढते तसे उत्तर बरोबर येण्याचे प्रमाणही वाढते, म्हणजे खात्री ही अगदीच पोकळ गोष्ट नव्हे. परंतु ज्या उत्तरांपुढे "शून्य" लिहिले होते, तीदेखील केवळ नशिबाने जितकी बरोबर यावीत त्याहून अधिक वेळा बरोबर आली! हाताला कळले होते; ते कळले आहे हे मनाला कळले नव्हते.

उलट प्रकारही तितकाच खरा आहे. १९७७ मध्ये अमेरिकेतील फिशहॉफ, स्लॉविक व लिक्टेनस्टीन या संशोधकांनी लोकांना सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारून "तुमचे उत्तर चुकण्याची शक्यता किती?" असेही विचारले. लाखात एकदा चुकेन, असे सांगणारी माणसेसुद्धा त्याच्या कितीतरी पट अधिक वेळा चुकली.

खात्रीचा हा काटा मागेपुढे का सरकतो, हे आपल्याकडच्या जागलीच्या उदाहरणावरून चटकन ध्यानात येईल. हरभऱ्याच्या शेतात माळ्यावर बसलेल्या जागल्याला रात्री खसफस ऐकू येते. रानडुक्कर की वारा? प्रत्येक खसफशीला जो डबा बडवील, त्याच्या हातून एकही डुक्कर सुटणार नाही. मात्र तो रात्रभर वाऱ्यालाच हाकलीत बसेल. जो पक्की खात्री पटेपर्यंत थांबेल, त्याची झोप चांगली होईल आणि शेत जाईल. दोघांचे कान सारखेच तीक्ष्ण असू शकतात. फरक आहे तो "आता हाक द्यावी" हे ठरविण्याच्या रेषेत. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसणाऱ्यांपुढे नेमका हाच पेच होता. त्या काळातील कामातून पुढे जे शास्त्र सिद्ध झाले आणि १९५४ मध्ये टॅनर व स्वेट्स यांनी ज्याचा मानवी दृष्टीला उपयोग करून दाखविला, त्यात कानाची तीक्ष्णता आणि निर्णयाची रेषा यांचे माप वेगवेगळे घेतले जाते.

भूकंपानंतर ही रेषा एकदम खाली येते. जड वाहन गेले तरी माणूस दचकून उठतो. जपानमध्ये २०११ च्या महाभूकंपानंतर जमीन स्थिर असतानाही ती हलत असल्याचे अनेकांना वाटत राहिले. तेथे या अवस्थेला "जिशिन-योई", म्हणजे भूकंपाने लागलेली घेरी, असे नावच आहे. अशा माणसाला भित्रा म्हणणे योग्य नव्हे. चुकून उठून बसण्याची किंमत थोडी आणि न उठण्याची किंमत प्राणाइतकी, असे गणित मनाने नकळत मांडलेले असते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यात कोण विसरेल? किल्लारीच्या त्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, त्याच परिसराला धक्के जाणवले होते. यास्तव हिंगोलीच्या ग्रामस्थाने आवाज ऐकून घराबाहेर येणे हे शहाणपणाचेच. प्रश्न उरतो तो दुसऱ्या दिवशी कागदावर काय लिहावयाचे याचा.

औंढ्याची थापी

औंढा नागनाथ म्हटले की ज्योतिर्लिंग आठवते आणि त्यापाठोपाठ नामदेव-विसोबांची कथा. नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यातले. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी आपल्या थापीने एकेकाच्या डोक्यावर थापटून मडके कच्चे की पक्के याची पारख केली. प्रत्यक्ष पांडुरंगाशी बोलणारे नामदेव रागावले आणि तेच कच्चे ठरले. नंतर त्यांना गुरू भेटले ते औंढ्यास, विसोबा खेचरांच्या रूपाने. कथेतील अध्यात्म बाजूला ठेवले तरी एक व्यवहार त्यात आहे: आपण पक्के आहोत की नाही, हे मडक्याला आतून कळत नाही.

याच औंढ्याजवळ दुधाळा परिसरात "लायगो-इंडिया" ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन नळ्या आणि त्यांतून धावणारे लेसर किरण, अशी तिची रचना. अंतराळात दूरवर दोन कृष्णविवरे आदळली असता अवकाशालाच जो कंप सुटतो, तो येथे टिपावयाचा आहे. त्यामुळे नळीच्या लांबीत पडणारा फरक अणूच्या गाभ्यातील प्रोटॉन नावाच्या कणाहूनही कितीतरी लहान असतो. ट्रक गेला, वारा सुटला, दूरच्या समुद्रात लाटा आदळल्या तरी यंत्र थरथरते. म्हणजे आपल्या जागल्याचाच प्रश्न: डुक्कर की वारा?

या शास्त्राच्या इतिहासात फाजील खात्रीचा एक करुण अध्याय आहे. मेरीलँड विद्यापीठातील जोसेफ वेबर हे या क्षेत्राचे आद्य प्रवर्तक. ॲल्युमिनियमचे मोठे दंडगोल टांगून त्यांनी लहरी टिपण्याचा प्रयत्न केला आणि १९६९ मध्ये, शेकडो किलोमीटर अंतरावरील दोन दंडगोल एकाच वेळी कंप पावल्याचे जाहीर केले. जगभर खळबळ उडाली. इतर प्रयोगशाळांनी तशीच यंत्रे बांधली. त्यांना काहीच सापडले नाही. पुढे वेबर यांनी रोचेस्टर येथील गटाच्या नोंदींशीही आपल्या नोंदी जुळल्याचे सांगितले. परंतु दोन ठिकाणच्या घड्याळांच्या वेळांत चार तासांचा फरक होता, तो लक्षातच घेतलेला नव्हता. जे कंप "एकाच वेळी" झाल्याचे दिसले, ते वस्तुतः चार तासांच्या अंतराने झालेले होते. वेबर लबाड नव्हते. जुळणी शोधण्याची इच्छा एवढी प्रबळ होती की, ती मिळेपर्यंत त्यांनी नोंदी चाळल्या आणि मिळताच थांबले. २००० साली निधन होईपर्यंत त्यांची खात्री ढळली नाही.

पुढच्या पिढीने यावरून जो धडा घेतला तो आपल्या कामाचा आहे. त्यांनी यंत्र सुधारले, आणि त्याबरोबर स्वतःच्या खात्रीची पारख करण्याची रीतही बसविली. १६ सप्टेंबर २०१० रोजी लायगोच्या नोंदींत एक सुरेख लहर आढळली. शेकडो शास्त्रज्ञ कामाला लागले. सहा महिने छाननी झाली, शोधनिबंध लिहून तयार झाला. १४ मार्च २०११ रोजी कॅलिफोर्नियातील एका सभेत सर्वांसमक्ष पाकीट उघडण्यात आले. ती लहर खोटी होती! नेमून दिलेल्या मोजक्या माणसांनी गुपचूप यंत्रात सोडलेली. अशी परीक्षा कधीही घेतली जाईल, एवढेच इतरांना ठाऊक होते. केव्हा, ते नव्हते. निबंध कपाटात गेला. परंतु खरी लहर आली तर आपण ती ओळखू शकतो, हे सिद्ध झाले. गोरोबांची थापी ती हीच म्हणावयाची.

खरी लहर आली १४ सप्टेंबर २०१५ रोजी. पहिला प्रश्न साहजिकच असा की, ही पुन्हा परीक्षा तर नव्हे? तशी ती नव्हती. मग दुसरा प्रश्न: निव्वळ योगायोगाने दोन्ही ठिकाणची यंत्रे अशी एकत्र थरथरण्याचा संभव किती? हे मोजण्याची युक्ती मोठी मार्मिक आहे. एका यंत्राची नोंदवही दुसरीच्या तुलनेत मुद्दाम पुढे-मागे सरकवावयाची, म्हणजे खरी जुळणी अशक्यच होते, आणि मग तरीही किती वेळा "जुळले" असे दिसते ते मोजावयाचे. वेबर यांच्याकडून अजाणता घडले, ते येथे जाणूनबुजून लक्षावधी वेळा केले गेले. निष्पन्न झाले ते असे: असा योगायोग २,०३,००० वर्षांत एकदाही घडणे कठीण. मगच, ११ फेब्रुवारी २०१६ रोजी, घोषणा झाली. आपली चूक किती वेळा होऊ शकते हे आकड्यात सांगता आले, तेव्हा कुठे "खात्री आहे" हे शब्द उच्चारले गेले.

खात्री मागाहून वाढते

शास्त्रज्ञांना हे सारे करावे लागते, कारण खात्री ही स्थिर वस्तू नाही. प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव सांगावयाचा तर, एका धक्क्याच्या वेळी मी जागा होतो आणि "बहुधा काहीतरी हलले" एवढेच मनाशी म्हणालो होतो. सायंकाळी चौथ्या माणसाला तीच हकिकत सांगताना त्यात "बहुधा" उरला नव्हता आणि कालावधीही काही सेकंदांनी वाढलेला होता. मी खोटे बोलत नव्हतो. फक्त मधल्या काळात रेडिओवरची बातमी माझ्या कानावर आली होती.

१९९८ मध्ये वेल्स आणि ब्रॅडफील्ड या अमेरिकन संशोधकांनी हाच प्रकार साक्षीदारांबाबत दाखवून दिला. चित्रफितीत गुन्हेगार दाखवून नंतर छायाचित्रांतून त्याला ओळखावयास सांगितले. खरा माणूस छायाचित्रांत नव्हताच, म्हणजे निवड करणारा प्रत्येक जण चुकलेला होता. त्यांपैकी काहींना "शाबास, बरोबर ओळखलेत" असे सांगण्यात आले. एवढ्या एका वाक्याने त्यांची आताची खात्री वाढलीच, पण "मला पहिल्यापासूनच खात्री होती, चेहरा मी नीट पाहिला होता" असेही ते सांगू लागले. जबाब नोंदविणाऱ्याने यावरून काय घ्यावे? पहिल्या क्षणीची खात्री, साक्षीदाराच्याच शब्दांत, दुसऱ्या कोणाचे काही कानी पडण्यापूर्वी लिहून घेतली पाहिजे. मागाहून आलेल्या ठामपणाला तेवढे मोल नाही.

नजर अंदाज

महसूल खात्यातील वाचकांना येथे पैसेवारी आठवली असेल. आधी नजर अंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर गावाने किती वाद घातले आहेत! केंद्राच्या २०१६ च्या संहितेनंतर दुष्काळ ठरविण्याचे निकष बदलले, तरी हा शब्द गावाच्या तोंडून गेलेला नाही. अनुभवी माणसाची नजर पुष्कळदा अचूक असते. सोयाबीनचे शेत बांधावरून पाहून उतारा सांगणारे शेतकरी आपल्याकडे आहेत. उणीव आहे ती अशी की, नजरेला स्वतःची चूक सांगता येत नाही. "आठ क्विंटल" म्हणणारी नजर सात ते नऊच्या मधली आहे की पाच ते अकराच्या, हे तिला कितीही विचारले तरी कळत नाही.

यावर मार्ग काढण्यात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. साताऱ्याकडील बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत नमुना पद्धतीच्या पीक कापणी प्रयोगांची घडी बसविली. शेत कोणते, त्यातील तुकडा कोणता, हे माणसाने निवडावयाचे नाही. यादृच्छिक आकड्यांनी निवडावयाचे. अनेक पिकांसाठी दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखून त्यातलेच पीक कापून, मळून, वजन करावयाचे. पर्स यांनी पत्ते पिसले होते, त्यातलाच हा प्रकार. चांगला तुकडा निवडण्याचा मोह आणि वाईट तुकडा दाखविण्याची निकड, दोन्ही एका फटक्यात बाद होतात. शिवाय उताऱ्याच्या आकड्याबरोबर तो आकडा किती मागेपुढे असू शकतो, हेही गणिताने निघते. पीक विम्याची भरपाई आज या प्रयोगांशी निगडित आहे, म्हणून तुकडा आखताना दोरी सैल सोडणे किंवा ओढणे ही बाब क्षुल्लक राहत नाही.

वर्गात आणि पाण्याच्या टाकीवर

"कळले का?" असा प्रश्न गुरुजी विचारतात आणि सारा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. त्यात मुलांचा खोटेपणा नसतो. धडा नुकताच वाचलेला असतो, शब्द डोळ्यांपुढे असतात आणि तो सोपेपणाच मुलाला ज्ञान वाटतो. १९९१ मध्ये नेल्सन आणि डनलॉस्की यांनी शब्दांच्या जोड्या पाठ करावयास देऊन विद्यार्थ्यांना विचारले, "हे पुढे आठवेल का?" पाठांतर होताच विचारले तेव्हा अंदाज बरेच चुकले, थोडा वेळ जाऊ देऊन, पुस्तक मिटलेले असताना विचारले तेव्हा तेच विद्यार्थी स्वतःविषयी विलक्षण अचूक बोलले. यासाठी खर्च काहीच नाही. गणिताच्या तासाचा प्रश्न मराठीच्या तासानंतर विचारावा, इतकेच. जोडीला उत्तराशेजारी "पक्के", "बहुधा", "अंदाजे" यांपैकी एक शब्द लिहावयास लावला, तर तपासणाऱ्याला आणखी काही दिसेल. "अंदाजे" लिहून बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीला धीर हवा आहे. "पक्के" लिहून चुकणाऱ्या मुलाला पुन्हा शिकवावयास हवे. नुसत्या गुणांत दोघांची गरज झाकली जाते. मात्र "पक्के" लिहून चुकल्याबद्दल शिक्षा सुरू झाली की सारा वर्ग "अंदाजे" लिहू लागेल, हे सांगावयास नकोच.

आपण केलेल्या कृतीविषयीची खात्री याहून फसवी असते, विशेषतः काम रोजचे असेल तेव्हा. कुलूप लावले का, असा संशय येऊन आपण अर्ध्या रस्त्यातून परततो. नेदरलँड्समधील व्हॅन डेन हाउट आणि किंड्ट यांनी २००३ मध्ये संगणकावरील चुलीची बटणे लोकांकडून वारंवार बंद करून तपासून घेतली. वारंवार तपासणाऱ्यांची स्मृती इतरांइतकीच बिनचूक राहिली. खात्री मात्र घटली. रोजच्या शंभर आठवणी एकमेकींवर चढतात आणि आजची कोणती ते वेगळे निघत नाही.

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे काम नेमके असेच आहे. टाकीत टीसीएल टाकले का, असे सरपंचांनी विचारले की तो "टाकले" म्हणतो, आणि बहुधा ते खरेच असते. पण ती आठवण आजची की कालची, हे त्यालाही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. म्हणून ओटी चाचणी आहे. शेवटच्या नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन औषधाचे थेंब टाकावेत. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. आपल्या नैयायिकांनी ज्ञानाचे प्रामाण्य ज्ञानातच शोधू नये, त्यावरून केलेली कृती फळते की नाही ते पाहावे, असे सांगितले. दूरवर पाणी दिसले. ते पाणीच होते हे जवळ जाऊन तहान भागली म्हणजे ठरते. परीक्षानळीतला पिवळा रंग हा त्याच जातीचा पुरावा. चाचणी टाकीजवळच्या नळावर घेऊन भागत नाही, हे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. गळती आणि दूषितता असते ती पुढच्या टोकाला.

एक वही

वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि भोवतालच्या गावांत गेली अनेक वर्षे जमिनीतून गूढ आवाज ऐकू येतात. ग्रामस्थांच्या या सांगण्याकडे "भास" म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. भूकंपाची तीव्रता ठरविण्याच्या रोसी-फोरेल आणि मर्काली या जुन्या मोजपट्ट्या मुळात लोकांच्या सांगण्यावरच बांधलेल्या आहेत: निजलेल्याला जाणवले की चालत्याला, खालच्या घरात की माडीवर, भांडी वाजली की भिंत तडकली. यंत्रे विरळ असतात आणि कान प्रत्येक घरात असतात.

अशा प्रत्येक गावी शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवता येईल. तारीख व वेळ घड्याळ पाहून लिहावी, आणि ते घड्याळ रेडिओच्या किंवा मोबाईलच्या वेळेशी आठवड्यातून एकदा लावून घ्यावे. वेबर यांचे चार तास विसरू नयेत. सांगणारा कोठे होता, उभा की निजलेला, काय ऐकले, काय हलले, हे त्याच्याच शब्दांत घ्यावे. त्यापुढे खात्रीचा एक शब्द असावा. दोघांनी एकमेकांशी बोलण्यापूर्वी वेगवेगळे सांगितले असेल तर तशी खूण करावी, कारण अशा दोन नोंदींचे मोल एकत्र बसून सांगितलेल्या दहांपेक्षा अधिक. आणि ज्या दिवशी काहीच जाणवले नाही, त्या दिवशी तसेही लिहावे. बहुतेक वह्या या ठिकाणी फसतात.

शेवटचा रकाना कोरा सोडावा. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची नोंद हाती आली की तेथे ती दुसऱ्या शाईने लिहावी. आधीच्या मजकुरात मात्र एका अक्षराचाही बदल करू नये. १० जुलै २०२४ रोजी सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी जिल्ह्याला पुन्हा ४.५ चा धक्का बसला. त्या सकाळची अशी वही एखाद्या गावात असती, तर पहिल्या रकान्यातील वेळ आणि शेवटच्या रकान्यातील वेळ शेजारी शेजारी ठेवून पाहता आली असती.